मेरापीच्या उतारावरचं होमस्टे आणि तिथून पाहिलेलं जाटिलान

जाटिलान (इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा बांबूच्या घोड्यांचा नाच) पाहायचं असेल तर योग्यकार्ता शहरातल्या हॉटेलच्या हिरवळीवर पाहू नका, गावात जाऊन पाहा. एवढं सांगून खरं तर मी थांबले असते, पण होमस्टेच्या बाईंना सविस्तर लिहीन असं कबूल करून आलेय. त्यांची अट एकच, वाडीचं नाव द्यायचं नाही. नाव छापून आलं की शहरातून गाड्या भरून माणसं येतात, माणसं आली की खेळाचा वेळ आणि आवाज दोन्ही वाढतात, आणि मशिदीतल्या मंडळींनी आजवर जे चालवून घेतलंय ते मग चालवून घेत नाहीत. म्हणून ठिकाण इतकंच सांगते : स्लेमान जिल्हा, योग्यकार्ताहून उत्तरेला कालीउरांगकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, सालाक फळाच्या बागांमधली एक वाडी. समोर मेरापी, म्हणजे जिवंत ज्वालामुखी. पहाटे ढग नसले तर माथ्यावरचा धूर दिसतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बांबूच्या कामट्या विणून केलेला, रंगवलेला चपटा घोडा दोन पायांत धरायचा आणि जोडीजोडीने नाचायचं, हे जाटिलान. पूर्व जावात त्याला जारानान म्हणतात, बान्युमासकडे एबेग, आणि देशभर चालणारं नाव कुदा लुंपिंग. कुणी सांगतं ही दिपोनेगोरो राजपुत्राच्या घोडदळाची आठवण आहे, तोच दिपोनेगोरो ज्याने 1825 ते 1830 डचांशी युद्ध केलं. कुणी म्हणतं सुनान कालीजागा या वलींनी, म्हणजे संतांनी, इस्लामच्या प्रसारासाठी नाच रचला. कुणी त्याआधीच्या पांजी राजपुत्राच्या कथांकडे बोट दाखवतं. प्रत्येक मंडळाची आपापली कथा आहे आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. नाच अर्धा-पाऊण तास शिस्तीत चालतो. मग वाद्यांची लय घट्ट होत जाते आणि नाचणाऱ्यांपैकी एकेकाच्या अंगात येऊ लागतं. तिथे त्याला न्दादी म्हणतात. गर्दी जमते ती न्दादीसाठी.

हॉटेलातला प्रकार आधी उरकून टाकते. आम्ही उतरलो होतो तिथे संध्याकाळी ‘गूढ नृत्य’ म्हणून खेळ होता. तरुण मुलं छान नाचली, कपडे कडक इस्त्रीचे, घोडे नवे कोरे. शेवटी एकाने ट्यूबलाइटचा तुकडा चावल्यासारखं केलं आणि टाळ्या घेतल्या. धूप नाही, नैवेद्य नाही, अंगात येणं नाही. आमच्या ह्यांना तो खेळ फार आवडला. ‘यात हरकत घेण्यासारखं काही नाही,’ म्हणाले. मला तिथेच कळलं की गावात गेल्यावर घरात वाद होणार.

आमचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान. मी हायस्कुलात मराठी शिकवायचे. ह्यांची नोकरी बरीच वर्षं आखातात झाली आणि तिथून परतल्यापासून दर्गा, उरूस, संदल या सगळ्याबद्दल ह्यांची मतं कडक झाली. माझी आजी मात्र माहीमच्या मखदूम शाहबाबांच्या उरुसाला न चुकता जायची. त्यामुळे घरात हा विषय नवीन नाही. फिरायला जावात जाऊया हा हट्ट माझा होता. ह्यांनी होकार दिला तो जगातला सर्वांत जास्त मुसलमानांचा देश पाहायला. घोडे त्यांच्या यादीत नव्हते.

होमस्टे म्हणजे एका निवृत्त शिक्षिकेचं घर. सगळे त्यांना ‘बू’ म्हणतात, म्हणजे आई किंवा बाई, तर मीही बूच म्हणते. खोल्या मोजक्या, गाद्या कडक, मच्छरदाणी स्वच्छ. न्हाणीघरात टाकी आणि पाणी घ्यायला डबा, त्यामुळे आपल्याला सवय लावून घ्यायची गरज नाही. गरम पाणी मागितलं तर मिळतं. जेवण उत्तम. नारळाच्या दुधातली भाजी, तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), तळलेली मासळी, आणि कालीउरांगकडची खासियत म्हणजे जादाह, चिकट तांदूळ आणि खोबरं कुटून केलेल्या वड्या, सोबत गोडसर तेम्पे. सालाक बागेतून थेट येतं. खवल्यांच्या सालीचं ते फळ सोलताना बोटाला टोचतं, सांभाळा. दोघांचे राहण्या-खाण्याचे, बूंच्या भाच्याच्या दुभाषेपणाचे आणि खेळाला नेण्याचे मिळून नऊ लाख रुपिया झाले. आकडा ऐकून दचकू नका. आपल्या शंभर रुपयांना साधारण अठरा-एकोणीस हजार रुपिया पडतात. खेळ करणाऱ्या मंडळाला पाकीट वेगळं द्यायचं. किती, ते बू सांगत नाहीत, विचारलं तर हसतात. आम्ही यजमानांच्या घरी आहेर देतात तसं दिलं.

या घराची खरी सेवा जेवणात किंवा गादीत नाही. जाटिलानवरून वाडीत भांडण आहे हे बू पाहुण्यांपासून लपवत नाहीत. बहुतेक वाटाडे सांगतात की जावात इस्लाम आणि जुन्या चालीरीती दुधात साखरेसारख्या विरघळल्यात. बूंनी पहिल्याच संध्याकाळी चहा देताना सांगितलं, ‘आमच्याकडे हे विरघळलेलं नाही. रोज ढवळावं लागतं.’ भाच्याने भाषांतर करून वर स्वतःची पुस्ती जोडली की ढवळायचं काम मावशीकडेच असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे मशिदीत गेले. जाण्याआधी मशिदीतून मोठा ढोल वाजला, बेदुग म्हणतात त्याला, आणि मग अजान. परत आले ते उत्साहाने. ‘अगो, फजरला कुनूत पढतात हे लोक!’ शाफई पंथात सकाळच्या नमाजात हात उचलून ती दुआ म्हणतात. आम्ही कोकणी शाफई आणि जावाचे लोकही शाफई. हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी हनफी, त्यामुळे परक्या गावच्या मशिदीत कुनूत ऐकू येणं म्हणजे ह्यांच्यासाठी घरचं माणूस भेटणं. भाच्याने मात्र लगेच राजकारण समजावलं. कुनूत ऐकू आली तर मशीद बहुधा नहदलातुल उलमाच्या वळणाची. नाही आली तर मुहम्मदियाची. मुहम्मदिया संघटना 1912 साली याच योग्यकार्ताच्या काउमान मोहल्ल्यात अहमद दहलान यांनी काढली. शाळा आणि दवाखाने उभारले आणि अंधश्रद्धा, बिदत (धर्मात नव्याने घुसवलेल्या चाली), खुराफात (भाकडकथा) यांच्याविरुद्ध मोहीम चालवली. नहदलातुल उलमा 1926 ची, सुराबायाची. ती कबरींना, सामुदायिक दुआंना, जुन्या रिवाजांना पुष्कळ सांभाळून घेते. जाटिलानवाले सहसा या दुसऱ्यांच्या सावलीत टिकतात. पण सावलीची हद्द असते, ती पुढे येईल.

एक गोष्ट माझ्यासाठी लिहिते, जाटिलानशी तिचा संबंध नाही. त्या मशिदीत बायकांसाठी जागा आहे आणि बायका सर्रास जातात. बूंनी मला त्यांचा पांढरा मुकेना दिला, डोक्यापासून पावलांपर्यंत झाकणारा नमाजाचा पोशाख, आणि हाताला धरून नेलं. इतक्या वर्षांत मी आमच्या गावच्या मशिदीचा आतला खांबसुद्धा पाहिलेला नाही. असो.

खेळ होता एका मुलाच्या सुंतेनिमित्त. होय, सुंतेनिमित्त. जाटिलान सर्वांत जास्त ठरवलं जातं ते सुंता, लग्न आणि ईदनंतरच्या शव्वाल महिन्यात. दिवस मात्र जुन्या हिशोबाने काढलेला. जावात सात वारांच्या जोडीला पाच दिवसांचा आणखी एक आठवडा चालतो : लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. दोन्ही चक्रं जुळायला पस्तीस दिवस लागतात आणि मुलाच्या जन्माची जोडी पाहून तारीख ठरते. महिने इस्लामी चांद्र महिने, पण वर्षाचा आकडा शके. 1633 मध्ये जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान अगुंगने शके 1555 चालू असताना सौर-चांद्र गणना सोडून हिजरीसारखी चांद्र गणना लावली आणि आकडा तोच पुढे मोजायला सांगितला. आपल्या पंचांगावर असतं ते शके. चांद्र वर्ष लहान असल्यामुळे आता दोन्ही आकड्यांत अंतर पडलंय, पण मुळं एकच. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बूंनी हे दाखवलं तेव्हा आमचे हे पहिल्यांदा त्या घरात मनापासून गुंतले.

आदल्या रात्री स्लामतान झालं. शेजारचे पुरुष चटईवर बसले, गावच्या काउमने, म्हणजे धार्मिक विधी करणाऱ्याने, दुआ पढली, मध्ये भाताचा शंकू आणि नारळाच्या दुधात शिजवलेली अख्खी कोंबडी. सगळ्यांनी आमीन म्हटलं आणि वाटे बांधून घरी नेले. ह्यांनीही खाल्लं, मागून घेऊन खाल्लं. माझ्याकडे बघून म्हणाले, दुआ अल्लाहकडेच होती ना.

खेळाच्या दिवशी सकाळी मैदानाला बांबूचं कुंपण, एका बाजूला मांडव, मांडवात वाद्यं. जुन्या चालीत सारोन, बेंडे, केंडांग ढोल. आता त्यात कीबोर्ड आणि ड्रमसेटही शिरलेत आणि स्पीकरचे खोके माणसाच्या उंचीचे. वाद्यांशेजारी नैवेद्याचं ताट, साजेन. राजा केळ्यांच्या फण्या, पाण्यात फुलांच्या पाकळ्या, काळी कॉफी, चहा, लवंग घातलेल्या सिगारेटी, शहाळं, अंडं. मग पावांग आला. पावांग म्हणजे अंगात येणं सुरू करणारा आणि थांबवणारा माणूस. सत्तरीचा, बारीक, डोक्यावर काळं फडकं. सगळे त्याला म्बाह म्हणतात, आजोबा. त्याने निखाऱ्यावर कमन्यान टाकला आणि मी क्षणभर माहीमला पोहोचले. तोच वास. आपल्या बाजारात लोबान म्हणून जो मिळतो त्यातला बराचसा सुमात्राच्या त्याच झाडांचा डिंक असतो.

धूर उठला तसे आमचे हेही उठले. ‘मी मशिदीच्या ओट्यावर बसतो,’ म्हणाले. गंमत अशी की मशिदीच्या ओट्यावरून मैदान अगदी नीट दिसतं. तिथे आधीच पाच-सहा दाढीवाले आजोबा बसलेले होते, सगळे या प्रकाराला नापसंती असलेले, आणि सगळे शेवटपर्यंत बसले.

सुरुवातीला आठ मुलं घोडे घेऊन आली. डोळ्यांवर काळे गॉगल. ते का, विचारलं तर भाचा म्हणाला फॅशन. एक वाजवणारा म्हणाला, नजर कुणीकडे आहे ते कळू नये म्हणून. दोन्ही उत्तरं मला पटली. नाच संथ, एकसारखा, पाय आपटण्याचा. दहा मिनिटांत कंटाळा येतो, वीस मिनिटांत तो कंटाळा कुठे जातो कळत नाही. तीच तीच पट्टी, तोच ठोका. मध्ये पेंटुल आणि तेंबेम हे मुखवटेवाले विदूषक येऊन जातात, पोरं खिदळतात. मग केंडांग बदलला. मला संगीतातलं फार कळत नाही, पण पाठीच्या मणक्याला कळलं. एक मुलगा ताठ झाला आणि लाकडासारखा मागे पडला. कुणी धावलं नाही. मग दुसरा. तिसऱ्याने घोडा छातीशी आवळून धरला आणि तो रडू लागला, मोठ्या बाईसारखा.

पुढचा तासभर मी जागेवरून हलले नाही. एकजण फुलांच्या पाण्यात तोंड घालून पाकळ्या खात होता. एकाने दातांनी नारळ सोलला. तो मी इतक्या जवळून पाहिला की त्यात हातचलाखी नव्हती एवढं खात्रीने सांगू शकते. एकजण सतत गाणं मागत होता. अंगात आलेल्याला जे गाणं हवं ते वाजवावंच लागतं, आणि याला हवं होतं जुनं एक प्रेमगीत. वाजवणाऱ्यांना ते येत नव्हतं, तर हा जमिनीवर पाय आपटत रुसला. गर्दीतली एक शाळकरी मुलगी अचानक किंचाळून कुंपणावरून आत गेली आणि नाचू लागली. प्रेक्षकांतल्या कुणाच्या अंगात येणं इथे नेहमीचं आहे. तिची आई शेजारी पिशवी आणि चपला घेऊन निवांत उभी होती. बूंनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं : लाल कपडे नकोत, शिट्टी मारायची नाही, कुंपणाला टेकायचं नाही. शिट्टी ऐकली की अंगात आलेला तुमच्यावर धावून येतो म्हणतात. मी प्रयोग केला नाही.

लहानपणी आजीबरोबर गुजरातेत उनाव्याला, मीरा दातारच्या दर्ग्यात गेले होते. तिथे बायकांना हाजिरी चढते, केस मोकळे सोडून घुमतात. पण तिथे जे आहे ते बाहेर काढायला माणसं येतात. इथे उलट, येणाऱ्याला ताट मांडून बोलावलेलं असतं. सुंतेच्या जेवणाला बोलवावं तसं. आणि संध्याकाळच्या सगळ्या वादाचं मूळ नेमकं याच फरकात होतं.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, वेळ जवळ आली तसा पावांग एकेकाला परत आणू लागला. कानाशी पुटपुटायचा, मानेमागे दाबायचा, फुंकर मारायचा. माणूस थरथरून सैल पडला की त्याला चौघे उचलून मांडवात नेत. ठरलेलं असं असतं की अजानीआधी सगळे शुद्धीवर आलेले हवेत. पण गाणं मागणारा तो रुसलेला मुलगा काही केल्या येईना. बेदुग वाजला. वाद्यं एका ठोक्यात थांबली, स्पीकर बंद, आणि अख्ख्या मैदानात त्या एकट्याचं घुसमटणं ऐकू येत होतं. अजान सुरू झाली. मी कुंपणाजवळच होते म्हणून ऐकू आलं : म्बाह त्याच्या कानात आयतुल कुर्सी पढत होता. मी रोज रात्री झोपताना पढते तीच. शब्दाशब्दाला स्पष्ट, उच्चार माझ्यापेक्षा चांगला. ज्या हाताने लोबान जाळून बोलावलं त्याच हाताने मुलाचं कपाळ धरून कुराणाची आयत. मुलगा खोकला, डोळे उघडले आणि त्याने पाणी मागितलं. केंडांग वाजवणारा केव्हाच हातपाय धुऊन मशिदीच्या पायरीवर होता.

असरनंतर दुसरा भाग झाला, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, पुरेसा आधी संपला. त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही. गर्दी दुप्पट, आवाज दुप्पट, आणि बारोंगानचे मुखवटेवाले लहान पोरांच्या मागे धावत होते.

रात्री बूंनी चहाला दोघांना बोलावलं होतं, म्बाहला आणि मशिदीच्या तरुण इमामांना. हेही त्यांच्या सेवेतच धरा. इमाम तिशीतले, पदवीधर, हसतमुख. त्यांचं म्हणणं सरळ होतं. घोडे, वाद्यं, नाच, विदूषक यांना त्यांची हरकत नाही, लहानपणी ते स्वतः नाचलेत. हरकत ताटाला आहे. वाडीच्या रखवालदार आत्म्याला, डान्यांगला, ताट ठेवणं म्हणजे अल्लाहखेरीज दुसऱ्याकडे मागणं. तो शिर्क. आणि जे अंगात येतं ते पूर्वजही नव्हे आणि देवही नव्हे, जिन्न आहे. जिन्न असतात, कुराणात सुराच आहे त्यांच्या नावाची. म्हणूनच त्यांना आमंत्रण द्यायचं नाही. यावर आमच्या ह्यांनी इतक्या जोराने मान हलवली की चहा सांडला.

म्बाह शांत होता. म्हणाला, मी मागत काहीच नाही. नवख्या अंगणात शिरताना आवाज देतो, तसं कळवतो. ताट पाहुण्यांचं. होतं ते सगळं अल्लाहच्या परवानगीने, आणि जाताना त्याच्याच कलामाने त्यांना निरोप देतो, तू ऐकलंसच. तो इमामांना ‘तू’ म्हणत होता. त्यांच्या सुंतेला याच म्बाहचा खेळ झाला होता, हे बूंनी मध्येच सांगितलं आणि इमाम लाजले.

ऐकताना माझ्या एक लक्षात आलं. आपल्याकडे अंगात येण्यावरून वाद होतो तेव्हा एक बाजू म्हणते खरं आहे, दुसरी म्हणते ढोंग आहे. त्या पडवीत ढोंग म्हणणारं कुणीच नव्हतं. इमाम, म्बाह, आमचे हे, तिघांचाही त्या अदृश्य मंडळींवर पूर्ण विश्वास. भांडण इतकंच की ती दारात आली तर आत घ्यायचं का. बाहेरच्या माणसाला हे ‘सनातनी विरुद्ध उदार’ असं दिसतं आणि बहुतेक पर्यटकांना तसंच विकलं जातं. मला ते दोन यजमानांचं भांडण वाटलं.

त्यांचा समझोता असा : आधी अरबी दुआ, मग ताट. अजानीला वाद्यं बंद. मगरिबनंतर खेळ नाही. रमजानात अजिबात नाही. दारू पिऊन कुणी आलं तर मंडळ स्वतः बाहेर काढणार. आणि ज्या यजमानाला न्दादी नको असेल त्याच्याकडे ताटाशिवाय नुसता नाच. हा शेवटचा पर्याय इमामांनी सुचवला होता. म्बाहने सांगितलं, दोन घरांनी तसं करून पाहिलं, अर्ध्या तासात प्रेक्षक उठून गेले आणि खाऊच्या गाड्यावाल्यांनी तक्रार केली.

सगळीकडे असा चहा पिऊन प्रश्न सुटत नाही. 2021 मध्ये सुमात्रात, मेदान शहरात, एका धार्मिक संघटनेच्या माणसांनी भर रस्त्यात कुदा केपांगचा, म्हणजे याच घोड्यांच्या नाचाचा, खेळ बंद पाडला, हाणामारीपर्यंत गेलं, चित्रफीत देशभर फिरली आणि अटका झाल्या. त्या भागात जावाहून मळ्यांवर गेलेल्यांची वस्ती मोठी, घोडे त्यांनी सोबत नेलेले. जावातही याआधी वाईट दिवस आले. 1965 च्या कत्तलींत जाटिलान आणि रेओग (मोठ्या मुखवट्याचा नाच) यांची पुष्कळ मंडळं कम्युनिस्टांची म्हणून भरडली गेली. म्बाहच्या वडिलांनी त्यानंतर घोडे माळ्यावरून बरीच वर्षं उतरवले नाहीत, एवढंच तो बोलला. त्या काळात प्रत्येकाने सरकारमान्य धर्मांपैकी एक लावणं जिवासाठी गरजेचं झालं, आणि नावापुरते मुसलमान असलेले, ज्यांना आबांगान म्हणत, ते मोठ्या संख्येने मशिदींकडे किंवा चर्चकडे वळले. पुढे सरकारने हीच मंडळं प्रचारसभांना नाचवली. जुन्या स्थानिक श्रद्धा ओळखपत्राच्या धर्माच्या रकान्यात लिहिता येतील असा निकाल घटना न्यायालयाने दिला तो थेट 2017 मध्ये. पण म्बाहला त्याचं काही नाही. त्याच्या ओळखपत्रावर इस्लाम आहे आणि तो म्हणतो ते बरोबरच आहे.

हे ऐकून ‘म्हणजे जुनं एका बाजूला आणि इस्लाम दुसऱ्या’ असं वाटत असेल, तर मागेलांगला जाऊन कुब्रो सिस्वो पाहा. बोरोबुदुरच्या आसपासच्या खेड्यांतला नाच. गाणी इस्लामी, त्यांत पैगंबरांची स्तुती आणि धर्माचा उपदेश, आणि ती गाता गाता नाचणाऱ्यांच्या अंगात येतं ते येतंच. भाचा आम्हाला न्यायला तयार होता, ह्यांनी पाय दुखतो सांगितलं.

सरकारी मंचावर आता या कलांना मान आहे. पोनोरोगोचा रेओग, ज्यात पन्नास किलोच्या आसपासचा वाघाचा आणि मोरपिसाऱ्याचा मुखवटा दातांत धरून नाचतात, डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपण्याच्या यादीत गेला. स्पर्धा होतात, वेळ बांधलेली असते, न्दादी आवरलेली असते. भाच्याला ते आवडतं, त्याला बक्षीस मिळालंय. म्बाहला तिकडे बोलावत नाहीत.

माझं मत विचाराल तर ताटाच्या बाबतीत मी इमामांच्या बाजूची. खेळानंतर ताटातली केळी पोरांना वाटली, मलाही दिलं, मी घेतलं नाही. पण बंद पाडणाऱ्यांच्या बाजूची मी कधीच नाही. आणि तो चार तासांचा अनुभव मला परत घ्यायला आवडेल. ह्यांना विचारलं तर ‘ओट्यावरून काही दिसत नव्हतं’ म्हणतात, आणि मग गाणं मागणाऱ्या मुलाची नक्कल करून दाखवतात.

तक्रारी. स्पीकर असह्य आहेत, कानात कापूस घालाच. बसायला खुर्ची नाही. बूंनी प्लास्टिकचं स्टूल दिलं ते माझ्यासारखीच्या गुडघ्यांना पुरलं नाही. शौचालय घरीच, म्हणजे मैदानापासून लांब. लहान मुलांना दुपारच्या पहिल्या भागालाच न्या. कमकुवत मनाच्या माणसाला नेऊ नका, हे त्या अदृश्य मंडळींमुळे सांगत नाही, गर्दी आणि आवाजासाठी सांगतेय. वाडीत खेळ रोज नसतो आणि बू तुमच्यासाठी लावून देत नाहीत. पैसे जास्त देऊ केले तरी नाही, एका मंडळींनी तसा प्रयत्न केल्याचं कळलं. त्यामुळे तारीख आधी विचारा, मुक्काम नंतर ठरवा. आगमनावर मिळणाऱ्या व्हिसाचे पाच लाख रुपिया वेगळे धरा.

वाडीचं नाव नसताना शोधायचं कसं? योग्यकार्तात कुठल्याही बऱ्या होमस्टेत ‘जाटिलानचा शो’ विचारू नका, तो हॉटेलातलाच मिळेल. स्लेमान किंवा बांतुलकडे येत्या दिवसांत सुंता कुठे आहे ते विचारा. नेणारा माणूस अजानीची वेळ सांगून, कपड्यांचा रंग सांगून आणि फोटो कधी काढायचे नाहीत ते सांगून नेत असेल तर तो योग्य. अंगात येण्याची हमी देत असेल तर नको. जाण्याला सर्वांत चांगला महिना शव्वाल, ईदनंतरचे दोन-तीन आठवडे, तेव्हा जवळपास रोज कुठे ना कुठे ढोल वाजत असतो. आणि नमाजी माणूस बरोबर असेल तर मशिदीचा ओटा कुठे आहे तेही आधी पाहून ठेवा.